तराजू आणि साखळदंड सोडून भेदभाव चित्रात कसा काढायचा?

गेरू

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत १९ वर्षं चित्रकला शिकवतेय. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्याकडे चित्रस्पर्धा होते. विषय जवळजवळ ठरलेला असतो: 'मुलगा-मुलगी भेद नको', 'लेक वाचवा', 'स्त्री-पुरुष समानता'. यंदा मी परीक्षक होते. ६४ कागद आले. निम्म्याहून जास्त कागदांवर तराजू, एका पारड्यात मुलगा, दुसऱ्यात मुलगी. उरलेल्यांत साखळदंडातले हात, पिंजऱ्यातला पक्षी, अर्धा चेहरा नवरीचा आणि अर्धा डॉक्टरचा, गालावर टपोरा अश्रू. यात मुलांचा दोष नाही. हे आम्हीच त्यांना गिरवायला दिलंय, मीसुद्धा.

एक कागद मात्र वेगळा होता. छतावरून खाली पाहिल्यासारखं स्वयंपाकघर. ओळीने चार ताटं, प्रत्येकापुढे पाट, बाजूला तांब्या. चुलीजवळ ताट नव्हतं. तिथे परात होती, पीठ चिकटलेली, आणि त्या परातीतच अर्धी भाकरी आणि ठेचा. अख्ख्या चित्रात माणूस एकही नाही.

मी कितीतरी वेळ तो कागद धरून बसले. माझी आई आयुष्यभर तशीच जेवली, सगळ्यांची पानं उठल्यावर, परातीत, उकिडवी बसून. लहानपणी मला वाटायचं, आईला परातच आवडते.

बाकीचे दोन परीक्षक म्हणाले, विषय स्पष्ट होत नाही, यात मुलगी कुठे आहे? मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले, मग गप्प बसले. बक्षीस तराजूला गेलं. कागदांवरची नावं झाकलेली होती. नंतर कळलं की तो कागद आमच्याच शाळेतल्या नववीतल्या मुलीचा होता. तिच्यासमोर जायचं मी अजून टाळतेय.

आपल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसस्टँडवरची गर्दी असं डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. या विषयालाही स्मरणचित्रच हवं, पोस्टर नको, असं माझं मत होत चाललंय. पण वर्गात ते सांगायचं कसं? नुसतं 'वेगळं काढा' म्हटलं की मुलं तराजूला वेगळा रंग देतात. म्हणून इथे विचारतेय: भेदभाव खरोखर दिसला असं एखादं चित्र तुम्ही पाहिलंय का? त्यात नेमकं काय होतं, कसं दाखवलं होतं, ते लिहाल का? मुलांना दाखवायला मला चित्रं हवी आहेत, आणि मलाही शिकायचंय.

पोफळी

परात वाचून थांबले. आमच्याकडे आजी तव्यातच पोळी कुस्करून खायची. हे कुणी कधी काढलेलं मी पाहिलं नव्हतं. बाई, त्या मुलीला भेटा.

दर्शनी

अमृता शेरगिलचं 'थ्री गर्ल्स' दाखवा. १९३५ चं आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, आणि १९३७ मध्ये त्याला मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. तीन तरुण मुली एकमेकींना खेटून बसल्यात. कुणी कुणाकडे पाहत नाही, आपल्याकडेही पाहत नाही. नजरा खाली. हातांना काही काम नाही. मागची भिंत मोकळी, तिला ना खिडकी, ना दार. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा मधला हॉल आठवला. पाहुणे बाहेर 'बोलणी' करतायत आणि ताई आत तयार होऊन बसलीय. बाहेर तिचंच ठरतंय, आणि आत ती फक्त वाट पाहतेय.

गेरूताई, तुमच्या मुलांना विचारा: या तिघी कशाची वाट पाहत असतील? उत्तरं ऐकाच. मी माझ्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, 'कोणीतरी उठ म्हणेल म्हणून.' तो अकरा वर्षांचा आहे.

तिचंच १९३७ चं 'ब्राइड्स टॉयलेट', म्हणजे नवरीचा साजशृंगार, पण बघा. अजिंठा पाहून, दक्षिणेत फिरून आल्यावर काढलेलं. नवरीला सजवतायत, भोवती बायका आहेत, आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद औषधालाही नाही. अमृता १९४१ मध्ये लाहोरला गेली, अवघ्या २८ व्या वर्षी. एवढ्या वयात एवढं पाहिलं.

विश्वंभर_प

विषय चांगला आहे, पण मनात आलं ते प्रामाणिकपणे लिहितो. अशा चित्रांत बाई कायम बिचारी असते. माझ्या दोन्ही मुली शिकल्या, नोकरी करतात, घरात त्यांचाच शब्द चालतो. शाळेत त्यांना सतत 'तुमच्यावर अन्याय होतो' हीच चित्रं काढायला लावली तर त्या स्वतःकडे तसंच बघायला लागतील. पुरुषावरही ओझं असतं, ते कुणी काढत नाही. मुलांना समर्थ स्त्रिया काढायला सांगा ना: सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी, कल्पना चावला.

गेरू

विश्वंभरजी, तुमच्या मुलींचं वाचून बरं वाटलं. पण सावित्रीबाईंचं चित्र काढायचं तर त्यांच्या अंगावर फेकलेलं शेण कुठे ठेवायचं? त्या शाळेत जाताना जादा साडी बरोबर नेत असत. ती पिशवीतली दुसरी साडी काढली की भेदभावही दिसतो आणि सावित्रीबाईही बिचाऱ्या होत नाहीत. मला तसंच काहीतरी हवंय. आणि मुलग्यांनी स्वतःवरचं ओझं काढलं तर मी ते आनंदाने लावेन. त्यांनाही तराजूच येतो, हीच अडचण आहे.

टेम्सकाठ

विश्वंभरजींच्या मुद्द्यावर एक चित्र आठवलं. २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत आर्टेमिसिया जेंटिलेस्कीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार. बायबलच्या परंपरेतली एक गोष्ट आहे: सुझाना अंघोळ करत असताना गावातले दोन प्रतिष्ठित म्हातारे तिला चोरून बघतात आणि धमकावतात की आमचं ऐक, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेऊ. युरोपात हा विषय शेकडो पुरुषांनी रंगवला, कारण नग्न बाई काढायला धार्मिक निमित्त मिळत होतं. बऱ्याच चित्रांत सुझाना छान आरामात बसलेली असते, किंचित लाजलेली. म्हाताऱ्यांची नजर आणि चित्र पाहणाऱ्याची नजर एकच होऊन जाते.

आर्टेमिसियाने १६१० मध्ये, १७ वर्षांची असताना, हाच विषय घेतला. तिची सुझाना दगडी बाकावर आहे आणि तिचं अंग पिळवटलंय. मान एकीकडे, हात वर, म्हाताऱ्यांना दूर लोटणारे. ते दोघे तिच्या डोक्यावर ओणवे, अगदी कानाशी. त्यांचं वजन तिच्यावर पडल्यासारखं वाटतं. गोष्ट तीच, माणसंही तेवढीच. फक्त या वेळी कुणीतरी सुझानाच्या जागी उभं राहून पाहिलंय.

पुढच्याच वर्षी वडिलांचा सहकारी असलेल्या चित्रकाराने, अगोस्तिनो तासीने, तिच्यावर बलात्कार केला. १६१२ मध्ये रोममध्ये खटला चालला. ती खरं बोलतेय का हे तपासायला तिच्या बोटांना दोऱ्या बांधून आवळल्या. चित्रकाराची बोटं. ती साक्षीवर ठाम राहिली. तासी दोषी ठरला, पण शिक्षा त्याने फारशी भोगलीच नाही. आर्टेमिसिया नंतर फ्लॉरेन्सला गेली, आणि १६१६ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. हिला कोण बिचारी म्हणेल?

शाळेत हे चित्र दाखवता येणार नाही, कळतं मला. पण तुम्ही स्वतः दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा, तिचं आणि त्या काळातल्या कुठल्याही पुरुषाचं.

दर्शनी

टेम्सकाठ, याच्याच जोडीला: १९८९ मध्ये न्यू यॉर्कच्या गुरिला गर्ल्स या स्त्री-कलाकारांच्या गटाने मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजणी करून पोस्टर काढलं होतं. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री चित्रकार ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांतली ८५ टक्के शरीरं स्त्रियांची. भिंतीवर बाई भरपूर, कुंचला धरलेली बाई कुठेच नाही.

वडवळ

कुंचला कुणाच्या हातात, यावरून आमच्याकडचं सांगतो. मी डहाणूचा, वारली. आमच्यात लग्नाचा चौक सवासिनी लिहितात. 'काढतात' म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. शेणाने सारवून गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून तिच्या टोकाने. मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र मुळात बायकांचं, आणि त्याच्यावाचून पुरुषांचं काम अडायचं.

१९७० च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात कागद घेऊन आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगाने पाहिली. म्हसे बाबा आमचे देव आहेत. एवढे मोठे कलावंत, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा निघणार नाही माझ्याकडून. पण भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, त्याला किंमत आली, आणि बघता बघता सह्या सगळ्या पुरुषांच्या झाल्या. मीपण त्यातलाच. माझी आई लग्नाचे चौक लिहायची, तिच्याकडूनच शिकलो. प्रदर्शनाला मुंबईला मी जातो. ती कधी आली नाही. घर, गुरं, शेत बघायला कुणीतरी लागतंच, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. तुमचा धागा वाचला आणि काल तिला विचारलं, येशील का? म्हणाली, मी येऊन काय करू, माझं काय नाव हाय तिथं.

चौकाला सही नसते. भिंत पुढे सारवली जाते. तिने लिहिलेला एकही चौक आज माझ्याकडे नाही.

कचनी

वडवळ, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. आणि योगायोग बघा, तेच भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी हस्तकला मंडळातर्फे त्यांनाच मिथिलेत पाठवलं होतं. तिथेही चित्रं बायकांची, लग्नघरातल्या कोहबराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या, भिंतीवरची. कुलकर्णींनी बायकांना कागद दिला, भिंतीवरचं यावर काढा, विकून पैसे मिळतील म्हणाले. तिथे मात्र नावं बायकांची झाली: सीता देवी, जगदंबा देवी, गंगा देवी, महासुंदरी देवी. माणूस तोच, कागदही तसाच, आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा. यावर कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा.

गंगा देवींना मूल राहिलं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली, त्यांना घराबाहेर पडावं लागलं. कायस्थांची कचनी शैली, नुसत्या रेघांची, ती त्यांनी कुठच्या कुठे नेली. पुढे कर्करोग झाला, दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी आजारपणाचीच चित्रमालिका काढली. हॉस्पिटल, खाट, डॉक्टर, सगळं मिथिलेच्या रेघेत. कोहबरात नवरा-बायकोच्या सुखासाठी कमळ काढायला शिकलेला हात, आणि शेवटी स्वतःच्या एकटेपणाचं चित्र काढतोय.

आणि यात जात आहेच. मिथिलेत नावाजल्या गेल्या त्या आधी ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायका. दुसाध या दलित समाजातल्या बायकांनी गोंदणाच्या नक्षीतून आपली वेगळी शैली उभी केली. दुलारी देवी मल्लाह, म्हणजे मासेमार समाजाच्या, शिक्षण नाही, महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्या घरी झाडू-भांडी करायच्या. तिथे पाहून शिकल्या. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मासे, होड्या, बाजार असतो, कारण त्यांनी पाहिलेलं तेच. तुमच्या स्मरणचित्राचा मुद्दा हाच ना, गेरूताई?

हुगळी

मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे. एक उलटं उदाहरण देतो, म्हणजे चित्राने भेदभाव दाखवला नाही, भेदभावच केला.

१८७३ मध्ये तारकेश्वरला एलोकेशी नावाची १६ वर्षांची मुलगी होती. नवरा नबीन कलकत्त्यात नोकरीला. तारकेश्वरच्या देवळाच्या महंताने मूल होण्याचं औषध देण्याच्या निमित्ताने तिला बोलावून तिचा उपभोग घेतला. त्यात घरच्यांचा हात होता असंही कोर्टात निघालं. नवरा आला, सगळं कळलं, आणि त्याने तिचा गळा कापला. बोंटीने. बोंटी म्हणजे आपली विळी, मासे चिरायची. नबीनला जन्मठेप झाली आणि लोकांनी सह्यांचे अर्ज करून दोनेक वर्षांत त्याला सोडवून आणलं. महंताला तीन वर्षं. एलोकेशीसाठी कुणी अर्ज केला नाही.

कालीघाटच्या पटुआंनी, म्हणजे पट रंगवणाऱ्या चित्रकारांनी, या प्रकरणावर चित्रं काढली, ती बाजारात पैशा-दोन पैशांना धडाधड विकली गेली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नबीन रुबाबदार, धोतराच्या निऱ्या वाऱ्यावर. एलोकेशी नटलेली, महंताला पान देतेय. काही पटांत ती नखरेल दाखवलीय, म्हणजे झालं ते तिच्यामुळेच. रेघ इतकी सुंदर आहे की पाहणारा पटुआच्या बाजूने कधी जातो ते कळतच नाही. मी स्वतः त्यातल्या एका पटाची प्रत घरात लावली होती. गोष्ट नीट वाचल्यावर काढून ठेवली.

मुलांना हे दाखवा किंवा नका दाखवू, पण हा प्रश्न जरूर शिकवा: हे चित्र कुणाच्या बाजूने उभं आहे?

नीलकांती

हुगळी यांनी विळी लिहिली आणि मला स्टोव्ह आठवला.

मी बडोद्याला शिकत होते. नीलिमा शेख यांची 'व्हेन चंपा ग्रू अप' ही १९८४ ची मालिका आहे, १२ छोटी चित्रं, टेम्परा रंगांत, हाताने केलेल्या कागदावर. चंपा खरी होती, नीलिमाताईंच्या ओळखीतली मुलगी. हुंड्यापायी जळाली. ऐंशीच्या दशकात आपल्या वर्तमानपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ रोज असायची, वयस्क मंडळींना आठवेल. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाचं कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. त्या दोन कायद्यांच्या मधली ही चित्रं आहेत.

त्यांची खुबी आकारात आहे. हातात धरून, जवळून बघावी लागतात, जुन्या लघुचित्रांसारखी. सुरुवातीला चंपा सायकलवर, भोवती मोकळी जागा. मग लग्न. मग स्वयंपाकघर. आणि प्रत्येक चित्रागणिक तिच्याभोवतीची जागा कमी होत जाते. रंग शेवटपर्यंत नाजूक, गोड म्हणावेत असे. मला त्या गोडपणाचीच भीती वाटली. आपण लहान मुलांच्या गोष्टीचं पुस्तक उघडावं तसं उघडतो आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन पोचलेलो असतो. आरडाओरडा असता तर मी तोंड फिरवलं असतं.

शाळेत मुलांना १२ नाही, चारच चौकोन द्या आणि एकाच मुलीची जागा चार वयांत काढायला सांगा. मी हे एकदा शिबिरात केलंय. सहावीतल्या एकीने चौथ्या चौकोनात फक्त खिडकीचे गज काढले होते.

बेल्याची

आमच्या गावच्या (बेला, जि. नागपूर) बी. प्रभांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितेय. १९३३ चा जन्म, नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. लांबट, सडपातळ बायका, डोक्यावर टोपली, कोळणी, मजूर बायका. त्या काळी खेड्यातल्या मुलीने चित्रकार व्हायचं म्हणजे काय हे आमच्या गावाला विचारा. पण एक खरं सांगते, त्यांची चित्रं बघताना मला कधीकधी वाटतं की दुःख फार देखणं झालंय. दिवाणखान्यात शोभतं. नीलकांतीताई गोडपणाची भीती म्हणाल्या, ते इथे मला जाणवत नाही. चूक असेन तर सांगा, गावची म्हणून प्रेम आहेच.

टेम्सकाठ

देखण्या दुःखावरून: फ्रिडा काहलोचं १९३५ चं एक चित्र आहे, नावाचा अर्थ साधारण 'थोडेसेच टोचे'. मेक्सिकोत एकाने बाईला भोसकून मारलं आणि कोर्टात म्हणाला, मी तर थोडंसंच टोचलं. फ्रिडाने बातमी वाचून काढलं. खाटेवर मेलेली बाई, शेजारी टोपी घातलेला माणूस शांत उभा. आणि रक्ताचे थेंब चित्रात मावले नाहीत म्हणून तिने लाकडी चौकटीवरसुद्धा उडवले. ते दिवाणखान्यात कुणी लावणार नाही.

रानमोगरा

गेरू, तुम्ही साताऱ्याच्या आणि अजून कुणी 'नकुशी' काढली नाही?

ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता. सगळ्यांची नावं नकुशी, नकोशी, नकुसा. दुसरी-तिसरी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. मुलींनी नवी नावं घेतली, प्रमाणपत्रं मिळाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. गर्भलिंगचाचणीला बंदी करणारा देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याचा, १९८८ चा, आणि तरी हे.

माझ्या चुलत बहिणीचं नाव नकुसा. ती २०११ मध्ये मुलगी राहिली नव्हती, लग्न होऊन दोन पोरांची आई होती, त्यामुळे कार्यक्रमात तिला कुणी बोलावलं नाही. सासरी नाव बदललं, माहेरी आम्ही 'नकू' म्हणतो. लाडाने. मी पण म्हणते. हे चित्रात कसं येईल मला माहीत नाही, मला रेघ ओढता येत नाही. पण शाळेची हजेरी काढता येईल. एका रकान्यात सगळ्या मुलींची नावं, आशा, सुनीता, मंगल, आणि मध्येच ते. बाईंनी रोज सकाळी ते मोठ्याने वाचायचं आणि तिने रोज 'हजर' म्हणायचं.

गेरू

रानमोगरा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्या हजेरीपटावर २००६-०७ साली दोन नकुशा होत्या. मी रोज ते नाव पुकारलंय. एकदाही थांबले नाही.

आता काय झालं ते सांगते, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

मागच्या दोन आठवड्यांत आठवी-नववीला रंग बंद केले. पाव शीट, पेन्सिल. 'थ्री गर्ल्स' मोबाईलवरून टीव्हीवर लावलं आणि दर्शनींचाच प्रश्न विचारला. एक मुलगी म्हणाली, 'त्यांचं जेवण राहिलंय.' मग सांगितलं की घरातली एक जागा आठवा. ती कुणाची आहे हे माणूस न काढता दाखवा. तराजू, साखळी, अश्रू, पिंजरा यांना सुट्टी.

पहिल्या तासाला बहुतेकांचे कागद कोरे. मी घाबरले. दुसऱ्या तासाला सुरू झाले.

नववीतल्या एका मुलाने घराचा उंबरा काढला. घड्याळात रात्रीचे नऊ. दार लावलेलं, आतल्या बाजूला बहिणीच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, आणि त्याच्या चपलांची जागा रिकामी, नुसता धुळीतला ठसा. विश्वंभरजी, त्याच वर्गातल्या दुसऱ्याने भिंतीवर वडिलांचा फोटो काढला, हार घातलेला, आणि खाली खुंटीला अडकवलेली बैलाची वेसण आणि त्याचंच शाळेचं दप्तर. तो दहावीनंतर शिकणार नाही. तेही लावलंय मी.

एकीने भाऊबीजेचं ताट काढलं. निरांजन, सुपारी, अक्षता. आणि ताटाखाली दुमडून ठेवलेला स्टॅम्पपेपर, कोपरा तेवढा बाहेर. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली, 'हक्कसोड. आत्या दिवाळीला आली की सही घेतात.' १९९४ पासून आपल्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे, आणि ही मुलगी १४ वर्षांची. तिला हक्कसोडपत्र हा शब्द कुणी शिकवला नव्हता.

सगळी काही अशी नव्हती. पाचसहा जणांनी टीव्ही काढला, एकाने क्रिकेटची बॅट. नीलकांतीताईंचे चार चौकोन पुढच्या महिन्यात करणार आहे. एका पालकांचा फोन आला की घरातल्या गोष्टी शाळेत का काढायला लावता. त्यांना शाळेत बोलावलंय. काय बोलायचं हे अजून ठरलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव असेल तर लिहा.

आणि परातवाली मुलगी. तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. सांगितलं की मी परीक्षक होते, तुझं चित्र मला सगळ्यांत आवडलं होतं आणि मी पुरेसं भांडले नाही. ती गोंधळली, तिला वाटलं काहीतरी चुकलंय. म्हटलं, तुझं नाही चुकलं. कागद पुन्हा नीट पाहिला तर चुलीजवळ खोडरबराच्या खुणा होत्या. विचारलं, इथे काय होतं? म्हणाली, 'बाई, आधी आई काढली होती. मग खोडली. ती बसतच नाही ना जेवताना, मग बसलेली कशी काढू.'

वडवळ

पुढच्या महिन्यात मुंबईला प्रदर्शन आहे. आईचं तिकीट काढलंय. माझ्या चित्राशेजारची जागा तिच्या चौकासाठी मागितली, आयोजक हो म्हणाले. सहीचं विचारलं तर ती हसली. तिला लिहिता येत नाही, अंगठा देईल.

पोफळी

गेरूबाई, परातीच्या चित्राचा फोटो टाकाल का इथे?

गेरू

कागद सध्या तिच्या घरी आहे. आईला दाखवून विचारते म्हणाली. तिने हो म्हटलं तर टाकते, नाहीतर नाही.

पोफळी

बरोबर आहे. रंगीत आहे का?

गेरू

पेन्सिल. ठेचा तेवढा हिरवा आहे.